पत्र्याची टाळू

दिवा जरा इकडे सरकवा. एवढा नको, तिच्या डोळ्यांवर येतोय. हं, तिथेच राहू दे. तिची छाती वरखाली होताना मला दिसली पाहिजे, नाहीतर मला बोलायला सुचत नाही.

त्या दिवशी मी शेडमध्ये गेले ती फक्त सुई-दोरा घेऊन. कुबातला, माझ्या नवऱ्याला, चामड्याची पिशवी शिवून हवी होती. जुन्या खोगिराचं चामडं त्यानं कापून ठेवलं होतं. त्याची उशीएवढी पिशवी करायची, तिच्यात सरोवराकाठची बारीक वाळू ठासायची आणि तोंड शिवून टाकायचं. पत्रा लोखंडावर ठेवून ठोकला तर ऐकत नाही. वाळूवर ठेवून लाकडी मोगरीनं ठोकला की हळूहळू खोल होत जातो, वाटीसारखा. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला गाडीतलं काय कळणार? पण सहा महिने घरात दुसरा विषयच नव्हता, तेव्हा एवढं कळायला लागलं होतं.

गाडी सासऱ्यांची. जुनी व्होल्गा, माझ्या आईच्या वयाची. सासरे आदल्या शरदात जर्दाळूच्या झाडाखाली बसल्या बसल्या गेले. नाव विचारू नका, सून आहे मी, सासऱ्याचं नाव माझ्या तोंडून यायचं नाही. मेल्यावरसुद्धा नाही. तर त्यांच्या वर्षाच्या आशला, म्हणजे सगळ्या गावाला जेवण घालतात त्या दिवशी, ती गाडी नव्यासारखी चकचकीत होऊन फाटकाशी उभी राहिली पाहिजे, असं कुबातनं चारचौघांत बोलून दाखवलं होतं. बोलून बसला की झालं. मग त्याला ना बायको दिसते ना लेकरू.

सेझिम तेव्हा पाच महिन्यांची. तिला पाठीशी बांधून मी पिशवी शिवत बसले आणि कुबात डाव्या मडगार्डवरची जुनी पुट्टी खरवडत होता. बाकी गाडीवर पुट्टी कागदाएवढी पातळ. इथं मात्र बोटभर जाड. एक थर, त्याखाली आणखी एक. शिळ्या भाकरीसारखे तिचे तुकडे पडत होते.

"बघ बघ," तो म्हणाला, "बाबा पुट्टी फासत होते की भिंत बांधत होते?"

खाली पोचा निघाला. नुसता पोचा नाही, कुणीतरी हातानं काढायचा प्रयत्न केलेला. सगळीकडे हातोडीचे बारीक वण, घाईघाईनं मारलेले, एकावर एक. मधोमध खोलगट जागा तशीच राहिलेली. माझ्या ओंजळीएवढी.

"खांबाला ठोकली असेल," कुबात म्हणाला.

"खांब एवढा लहान असतो?"

"बोला, सातवी पास इंजिनियर बोला!" तो हसला. "अगं, काहीही असेल. दगड असेल. मेंढी असेल."

सेझिमनं पाठीवर एक उसासा सोडला. एवढ्या लहान बाळाचा उसासा मोठ्या माणसासारखा का असतो, मला अजून कळलेलं नाही.

कुबातनं तो मडगार्ड काढून भिंतीला टेकवला आणि नवा करायला घेतला. जुन्यावर कागद दाबून मापं घेतली, कोऱ्या पत्र्यावर उतरवली, कात्रीनं कापला. अडलं ते पिशवीपाशी. ठेवायची कशावर? जमीन फार खाली, टेबल फार वर. कंबरेएवढं काहीतरी हवं होतं. शेडच्या कोपऱ्यात पोत्यांखाली जुना बेशिक पडला होता. त्याचाच, लहानपणचा पाळणा. खाली दोन वाकडे पाय, वर आडवा दांडा. त्यानं तो ओढून काढला, दोन ठोकळ्यांवर चढवला आणि वाळूची पिशवी आत ठेवली. बरोब्बर बसली.

माझ्या अंगावर काटा आला. "कुबात, रिकामा पाळणा हलवू नये."

"रिकामा कुठाय? वीस किलो वाळू आहे त्यात."

"थट्टा करू नकोस. घरात तान्हं आहे."

"मग त्या तान्हीला सांग, बाबांनी तिला एक भाऊ आणलाय. वाळूचा. रडत नाही, दूध मागत नाही. गुणी बाळ आहे."

आणि त्यानं पहिला घाव घातला. पाळणा हलला. प्रत्येक घावाला हलत राहिला, कुर्र... कुर्र... त्यात वाळू दबल्याचा आवाज, कुणीतरी ओठ मिटून हुं हुं करावं तसा.

कुबातच्या ठोकण्याला एक चाल होती. दोन हलके, एक जड. दोन हलके, एक जड. त्याच्या वडिलांचीही तीच होती, सगळे म्हणायचे, बापाचा हात उतरलाय. दहा-बारा घाव झाले की तो हातोडी ठेवायचा, पातळ सुती फडकं पत्र्यावर पसरायचा, डोळे मिटायचा आणि तळहात सावकाश फिरवायचा. डोळ्यांना दिसत नाही ते तळहाताला कळतं, म्हणायचा. कुठे उंचवटा, कुठे खड्डा, केसाएवढा फरक. मी दारात उभी राहून बघायची. बाळंतपणानंतर माझी पाठ दोन महिने मोडलेली होती, तेव्हा तो हात कधी तिच्यावर फिरला नव्हता. पत्र्यावर फिरत होता.

तिसऱ्या दिवसापासून सेझिमनं दूध तोडलं. म्हणजे ओढायची, आणि मध्येच थांबून ऐकायची. काय ऐकते म्हणून मी कान दिला, तर शेडमधली हातोडी. जड ठोका आला की अंग आक्रसून घ्यायची. मी आर्चाच्या पाल्याची धुरी केली, उशीखाली सुरी ठेवली, तिची झबली उलटी घातली. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "केलिन," सुनेला असंच म्हणतात आमच्यात, "तुझ्या दुधातच काळजी उतरलीय. बाळ काळजी पितंय." आणि भिंतीकडे तोंड करून लोकर पिंजत बसल्या. गाडीचं काम सुरू झाल्यापासून अपा, म्हणजे सासूबाई, शेडकडे फिरकल्या नव्हत्या. नवऱ्याची आठवण येत असेल, असं मला वाटायचं.

आश चार दिवसांवर आला तेव्हा मडगार्ड पुरा झाला होता. खरंच देखणा झाला होता, खोटं कशाला बोलू. दुपारची वेळ, दारातून ऊन थेट त्याच्यावर पडलेलं. पण कुबात घामानं निथळत होता.

"इकडे ये," तो म्हणाला. "हात ठेव. इथे."

"माझा हात कशाला?"

"ठेव ना. मला वाटतं, माझाच हात थकलाय."

मी फडक्यावरून तळहात ठेवला. पत्रा गुळगुळीत, थंड. मग एका जागी माझा हात थांबला. ती जागा मऊ होती. पत्रा, आणि मऊ. जरा दाबली की आत जायची, सोडली की वर यायची. टिक... टिक... माझ्या ओंजळीएवढी.

ज्या बाईनं तान्ह्या बाळाच्या डोक्याला रोज तेल लावलंय, तिला ती जागा अंधारातसुद्धा ओळखता येईल. ती टाळू होती.

मी हात मागे घेतला. घेतल्यावरही ती जागा एकदा आत गेली आणि वर आली. आपली आपण.

"पाहिलंस ना?" कुबात हळूच म्हणाला. "पत्रा जास्त ताणला गेला की असं होतं. पण... मी तिथे घावच घातलेला नाही. एकही नाही."

"जुन्यावर कुठे होता पोचा?"

भिंतीला टेकवलेल्या जुन्या मडगार्डकडे त्यानं पाहिलं, मी पाहिलं. तीच जागा. मापानं तीच.

तेवढ्यात दारातलं ऊन कमी झालं. अपा उभ्या होत्या. जेवायला हाक मारायला आल्या असतील. त्यांची नजर गाडीकडे गेली नाही, आमच्याकडे गेली नाही. ती पाळण्यावर खिळली. पाळणा अजून हलत होता. कुबातनं हातोडी ठेवून बराच वेळ झाला होता.

"थांबव," अपा म्हणाल्या. "थांबव तो. मी तेव्हा थांबवला नाही..."

"अपा, काय झालं? बसा ना," मी म्हणाले.

त्या बसल्या नाहीत. चौकट धरून उभ्या राहिल्या आणि एका दमात बोलल्या, जणू तीस वर्षं तेच वाक्य तोंडात धरून होत्या.

"तू दहा महिन्यांचा होतास. गुरं परतायची वेळ. वरच्या आळीतली ती झूरा, तिचा मुकाश, सहा वर्षांचा, कळपातनं आपली गाय आणायला गेला होता. वळणावर धूळ होती. तुझ्या बापाला दिसला नाही. थांबला नाही तो. घरी आला, दार लावून ठोकत बसला. शेजारी विचारतील, आत्ता कसला आवाज, म्हणून मी तुला आजीकडे दिलं आणि पाळणा इथे आणला. अंगाई म्हणत हलवत बसले. लोकांना वाटावं, पोर झोपत नाही. रिकामा होता पाळणा. मला माहीत होतं, रिकामा आहे..." त्यांनी ओठ पुसले. "झूराची गाय त्या दिवशी एकटीच घरी गेली. आणि तुझ्यानंतर माझं एकही मूल चाळीस दिवसांच्या पुढे गेलं नाही. आता कळलं? आता जेवायला चला."

आणि त्या निघून गेल्या.

मला वाटलं, कुबात रडेल. मला वाटलं, म्हणेल की चल, झूराकडे जाऊ. मी सेझिमला झोपवून आले असते, गेले असते त्याच्याबरोबर, खरंच गेले असते.

त्यानं झाळकामाची गॅसची बत्ती पेटवली.

"काय करतोयस?"

"ताणलेला पत्रा तापवला आणि एकदम थंड केला की आवळतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"कुबात, आत्ता आई काय बोलली..."

"ऐकलं मी! बाप मेलाय माझा! आख्खं गाव जेवायला येणार आहे, इमाम येणार आहे. काय सांगू त्यांना? तू सांगशील?"

निळी ज्योत त्या जागेवर टेकली. पत्रा आधी जांभळा झाला, मग लाल, नाण्याएवढा. मग त्यानं ओली चिंधी दाबली. सस्स...

घरातनं सेझिमची किंकाळी आली. रडणं नाही हो. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि देव करो, पुन्हा ऐकू नये. मी धावले. ती घरातल्या पाळण्यात बांधलेली होती तशीच होती, आसपास ना विस्तव ना पाणी. अंगावर कुठे डाग नाही. पण टाळूवरचे केस ओले होते. कोमट. आणि त्यांना जळक्या चिंधीचा वास येत होता.

तिला छातीशी घेऊन मी शेडमध्ये परत गेले. त्यानं दुसरी जागा तापवायला घेतली होती. मी त्याच्या हातातली बत्ती हिसकावली, नळीच काढून टाकली. तिचं डोकं त्याच्या नाकाशी नेलं. त्यानं वास घेतला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"मग काय करू?" तो म्हणाला. "सांग ना, काय करू?"

तेव्हा मी काय म्हणाले ते तुम्हाला सांगते, कारण आजवर कुणाला सांगितलं नाही. नवरा बापावर गेला, सासूनं पाप झाकलं, असं सगळं सांगायला सोपं असतं. मी म्हणाले, "विस्तव नको. पुट्टी भर."

त्यानं भरली. बोटभर.

जुन्या मडगार्डचे त्यानं कात्रीनं तुकडे केले आणि पाळणा आम्ही दोघांनी मिळून जाळला. लाकूड कोरडं होतं, पण जळायला फार वेळ लागला. दुसऱ्या दिवसापासून सेझिम दूध प्यायला लागली. मी म्हटलं, सुटलो.

आशला सगळं गाव लोटलं. मोठाल्या कढया-चुली, बोर्सोकचे, तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचे ढीग, मटणाचा वास गल्लीभर. फाटकाशी ती पांढरी गाडी. जो येई तो आधी तिच्याभोवती एक फेरी मारी. "वा रे कुबात, बापाला जिवंत केलंस!" म्हणत. कुबात छातीवर हात ठेवून मान लववायचा. अपा पांढरा रुमाल बांधून आतल्या बायकांत बसलेल्या, पाठ ताठ.

मी सेझिमला कडेवर घेऊन दाराशी ताटं देत होते. तेव्हा झूरा आली. तिला तेव्हा जवळजवळ दिसत नसे, काठीनं चाचपत चालायची. आमच्या आशला तिला बोलावलं होतं, गावच बोलावलं होतं ना. ती येताना गाडीला धडकली आणि थांबली. तळहात टेकला. मग तो हात पत्र्यावरून सरकत चालला, सावकाश, अगदी कुबातसारखा. बॉनेटवरून खाली, डाव्या बाजूला. आणि त्या जागेवर थांबला.

तिथे दिसण्यासारखं काही नव्हतं. पुट्टी घासलेली, रंग आरशासारखा. तरी हात तिथेच थांबला.

"इथे," ती म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे, जवळ मीच होते. "मी त्याला मांडीवर घेतला ना, तेव्हा डोकं इथे असं झालं होतं. मऊ. तान्ह्याच्या टाळूसारखं. सहा वर्षांचा घोडा आणि पुन्हा टाळू उघडलेली."

मी सेझिमला कडेवर घट्ट धरलं.

"केलिन आहेस ना या घरची?"

"हो."

"हा पत्रा नवा आहे."

"हो. नवा केलाय."

"जुन्याला काय झालं होतं?"

मी आत पाहिलं. अपा माझ्याकडे पाहत होत्या. एवढ्या बायकांमधून, एवढ्या वाफेतून सरळ माझ्याकडे. पलीकडे कुबात होता, त्याचा छातीवरचा हात तसाच राहिलेला. म्हातारी वाट बघत होती. तीस वर्षं बघत होती, आणखी एक क्षण बघायला तिला घाई नव्हती.

"कोण चालवत होतं, पोरी?" तिनं हळूच विचारलं.

सून सासऱ्याचं नाव घेत नाही. मी स्वतःला तेच सांगते. जीभ बांधलेली होती, रीत आहे, मी काय करणार. पण नाव न घेताही सांगता येतं. 'या घरचा धनी' म्हणता येतं. नुसतं रडता आलं असतं.

"गंजला होता," मी म्हणाले. "जुना होता, गंजला होता."

झूरानं मान हलवली. माझ्या ताटातला एक बोर्सोक चाचपून घेतला, त्यावरचं लोणी बोटानं निपटलं आणि मडगार्डच्या त्या जागेवर लावलं. गोल गोल, हलक्या हातानं. तेलानं टाळू भरतात ना, तसं. मग तेच बोट पुढे करून तिनं माझ्या कडेवर सेझिमचं डोकं शोधलं आणि उरलेलं लोणी तिथे लावलं.

"भरेल," ती म्हणाली. "खरं बोललीस तर भरेल."

ती जेवली नाही. त्याच हिवाळ्यात गेली. सांगायला आता कुणी उरलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, दीड वर्षात भरायला हवी होती. फोटो काढून झाले, रक्त तपासून झालं, काही सापडत नाही. येत्या वसंतात सेझिम चार वर्षांची होईल. धावू द्यायचं नाही, पडू द्यायचं नाही, मी तिच्या मागे मागे असते दिवसभर. गाडी शेडमध्ये कुलपात आहे. कुबातनं त्या दिवसानंतर हातोडी हातात घेतलेली नाही, तो आता सरोवरावर मासे पकडायला जातो, घरी कमी असतो.

तुमचा हात द्या इकडे. घाबरू नका, झोपली आहे. असा, सपाट ठेवा. दाबू नका. लागतं का हाताला? तिची नाडी इथे मनगटाला बघा, ती वेगळी चाललीय, बाळांची चालते तशी भराभर. आणि टाळू? मोजा... दोन हलके. एक जड. दोन हलके. एक जड.

आणि जरा थांबा, आत्ता बोलेल. या सुमाराला रोज बोलते, झोपेतच, डोळे न उघडता. आमच्याकडे गाय नाही, कधीच नव्हती, आणि तिला ते कुणी सांगितलेलं नाही, ना मी, ना अपांनी. पण रोज तेच विचारते.

"गाय घरी पोचली का?"

पोचली रे बाळा, म्हणते मी. तेवढं तरी खरं आहे.